बेलबॉटमची अवहेलना कशासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील बेलबॉटम या गुडघ्याखाली घेरदार असलेल्या विजारीवरचा लेख वाचून मनस्वी खेद झाला. सत्तरच्या दशकातील तरुणांनी पडद्यावरच्या नटांचे केलेले आंधळे अनुकरण, एवढ्यावर लेखकाने या विजारीची बोळवण केली असून तिला 'विदूषकाचा पोशाख' म्हटले आहे. 'रस्ते झाडायला निघालास का?' असे त्या काळी घराघरांतून विचारले जाई. आज इतक्या वर्षांनी आपल्या पुरवणीनेही तोच सूर लावावा, हे मला पटलेले नाही.

ही विजार मुळात कष्टकऱ्यांची. ब्रिटिश नौदलाने १८५७ मध्ये साध्या खलाशांसाठी गणवेश ठरवून दिला, त्यात ती होती. डेक धुताना तिचे घेरदार पाय गुडघ्यांवर सहज गुंडाळता येत. साठच्या दशकात अमेरिकेतील तरुणांनी तिथल्या नौदलाचे स्वस्तात विकायला निघालेले जुने कपडे वापरायला घेतले, त्यानंतर ती बाजारात आणि गायकांच्या अंगावर दिसू लागली आणि हिंदी चित्रपटांतील नायकांनी ती घातली ती या सगळ्यानंतर.

लेखात शिंप्यांचा उल्लेखही नसावा, याचे मला अधिक वाईट वाटले. टेरिकॉटचे नवे कापड घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्या जुन्या अरुंद पँटची शिवण गुडघ्यापासून उसवून शिंपी तीत कापडाची तिकोनी कळी घालून देत आणि जमिनीला घासून कड विरू नये म्हणून टाचेकडच्या बाजूला चेनची पट्टी लावत. माझ्या थोरल्या भावाची पँट आमच्या आईने अशीच कळी घालून मला करून दिली होती. मी नववीत असताना एका शिक्षकांनी प्रार्थनेनंतर मला सर्वांसमोर उभे केले आणि दोन्ही कळ्या कात्रीने कापून काढल्या. शिस्तीचा मान मी तेव्हाही ठेवत होतो व आजही ठेवतो, परंतु त्या पँटमागे आईची रात्रभराची मेहनत होती, हे त्यांनी विचारून तरी घ्यायला हवे होते. आपल्या लेखकानेही तसे कोणाला विचारलेले दिसत नाही.

आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. लेखासोबत बेलबॉटम म्हणून छापलेल्या छायाचित्रातील तरुणाने पॅरलल घातली आहे. पॅरलल मांडीपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची असते. बेलबॉटम गुडघ्यापर्यंत अंगाबरोबर बसते आणि तिथून खाली घेर घेते. त्या काळात वावरलेल्या कोणालाही हा फरक एका नजरेत कळला असता. लेखकाचे मत बदलावे असा माझा आग्रह नाही, परंतु छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती येत्या रविवारी ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, कराड