‘द्राक्ष खा, कॅन्सर पळवा’ ठीक आहे, पण प्रयोग कोणावर झाला तेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पंचवटीत माझं मेडिकल आहे. आरोग्याचं पान ज्या दिवशी येतं त्या दिवशी मला पेपर उघडायची गरजच पडत नाही, अकरा वाजेपर्यंत कोणीतरी कात्रण घेऊन काउंटरवर हजर असतंच. दादा ही गोळी आहे का, हे पावडरमध्ये मिळतं का, आमच्या हिची केमो चालूय तर सोबत दिलं तर चालेल ना. हळद, ग्रीन टी, गुळवेल, आणि सीझन आला की द्राक्षाच्या बियांचा अर्क. सगळ्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं, ‘शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे की’. कुठे शोधलं, कशावर शोधलं, ते शेवटच्या ओळीत असतं नाहीतर नसतंच.

आता द्राक्षाचंच घ्या, आपल्या जिल्ह्याचा विषय आहे. रेस्व्हेराट्रॉल नावाचं द्रव्य द्राक्षाच्या सालीत असतं. बुरशी लागली किंवा ऊन जास्त झालं की वेल स्वतःच्या बचावासाठी ते तयार करते, म्हणजे दिंडोरी-निफाडकडचा शेतकरी डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांवर फवारण्या मारत असतो तेव्हा वेल पण तिच्या परीने लढतच असते. १९९७ ला शिकागोच्या टीमने ‘सायन्स’मध्ये पेपर छापला की हे द्रव्य कॅन्सरच्या वेगवेगळ्या टप्प्यांना अडवतं आणि सूज आणणाऱ्या एन्झाइमलाही दाबतं. तेव्हापासून गाजावाजा सुरू. पण तो प्रयोग होता लॅबमध्ये प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर आणि उंदरांच्या कातडीवर. पुढे मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटना रोज ५ ग्रॅम देऊन ट्रायल सुरू केली, ती २०१० मध्ये बंद करावी लागली कारण काही पेशंटच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या. ही दुसरी बातमी घेऊन माझ्याकडे आजवर एकही कात्रण आलेलं नाही.

मग २०२४ च्या फेब्रुवारीत टाटा हॉस्पिटलची बातमी आली, शंभर रुपयांची गोळी, कॅन्सर परत येऊ देणार नाही वगैरे, सगळ्या चॅनेलवर तेच. त्यांचं मूळ काम खरंच वाचण्यासारखं आहे. कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांच्या क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याचे, तुकडे रक्तात सुटतात, ते चांगल्या पेशींत घुसून तिथे सूज आणि बिघाड करतात असं त्यांचं म्हणणं, आणि थोडंसं रेस्व्हेराट्रॉल आणि अगदी नखभर तांबं एकत्र दिलं तर त्यातून ऑक्सिजनचे रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याची मोडतोड करणारे कण, तयार होऊन ते तुकडे फोडतात. मजा बघा, जे द्रव्य दुकानात अँटिऑक्सिडंट, म्हणजे असे रॅडिकल आवरणारं, म्हणून विकलं जातं ते इथे तांब्यासोबत बरोब्बर उलटं काम करतंय! हे सगळं मुख्यतः उंदरांत दिसलं, माणसांवर छोट्या चाचण्या झाल्या, त्याही जास्त करून उपचाराच्या साइड इफेक्टवर, आणि कॅन्सर परत येणं थांबतं का हे सिद्ध करायला मोठ्या आणि लांब चाचण्या लागतात हे तेव्हाच बऱ्याच डॉक्टरांनी सांगितलं. पण मथळ्यात काय उतरलं? शंभर रुपये. त्या आठवड्यात एक काका सांगून गेले की घरी तांब्याच्या तांब्यात काळ्या मनुका भिजवून ते पाणी बायकोला देतायत, तिचं रेडिएशन चालू होतं. मी म्हटलं काका मनुका खाऊ द्या खुशाल, पण डॉक्टरच्या कानावर घाला. ते म्हणे पेपरात आलंय ना.

हळदीची गोष्ट तर अजून मोठी. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के, आणि पोटातून ते रक्तात जवळजवळ जातच नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजने दाखवलं की सोबत मिऱ्यातलं पिपरीन दिलं की रक्तातलं प्रमाण वीसपट वाढतं. झालं, तेव्हापासून प्रत्येक डबीवर काळी मिरी आली. पण वाढून फायदा काय झाला? २०१७ ला औषध-रसायनशास्त्राच्या एका नामांकित जर्नलने १२० च्या वर ट्रायल्सचा आढावा घेतला, आणि प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) ठेवून नीट केलेल्या एकाही ट्रायलमध्ये कर्क्युमिन यशस्वी ठरलं नव्हतं. पेशींच्या चाचणीत ते इतकं छान दिसतं याचं एक कारणच हे की ते स्वतः चमकतं, कशालाही चिकटतं आणि चाचणीलाच चकवतं. वर २०२२ मध्ये अमेरिकेत हळदीच्या सप्लिमेंटने लिव्हर बिघडलेले १० पेशंट नोंदले गेले, त्यातला एक दगावला, आणि तपासलेल्या काही डब्यांत तोच पिपरीन सापडला. भाजीतली चमचाभर हळद आणि दोन हजाराची डबी यात फरक आहे हो, बातमीत मात्र दोन्हीचा फोटो एकच, हळकुंडाचा.

यावर मला हमखास ऐकावं लागतं की तुम्ही मेडिकलवाले, तुम्हाला इंग्लिश औषधं विकायची असतात. अहो, डब्या पण मीच विकतो आणि मार्जिन त्यातच जास्त आहे!! आणि झाडापाल्याला नावं ठेवायचा प्रश्नच नाही. टॅक्सॉल, केमोतलं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, ते यू नावाच्या झाडाच्या सालीतून आलं, आणि ते शोधणाऱ्या दोघांतले एक मनसुख वाणी, आपल्या शेजारच्या नंदुरबारचे. साल गोळा झाली १९६२ ला, रचना छापली १९७१ ला आणि औषध म्हणून मान्यता मिळाली १९९२ ला, तीस वर्षं. मधल्या काळात उंदरापासून माणसापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या. आणि ते इतकं ‘नैसर्गिक’ आहे की पेशंटचे केस जातात. अंगणातली सदाफुली पण तशीच, कॅनडात डायबेटिससाठी तिच्या पानांचा अर्क उंदरांना दिला तर साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या, त्यातून पुढे ब्लड कॅन्सरची औषधं आली. आपल्याकडे अजून लोक शुगरसाठी सकाळी उठून तीच पानं चावतात.

सूज आणि कॅन्सरचं नातं खोटं आहे असं कोणी समजू नये. फिरशॉ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८६३ मध्येच गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहून हा संबंध मांडला होता. हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षं राहिला की लिव्हर, पोटातला जंतू राहिला की जठर, तसंच चालतं. पण सूज कमी करतो म्हणणारी प्रत्येक गोष्ट कॅन्सर टाळते असं होत नाही. फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना घेऊन ट्रायल झाली, त्यात गाजरातलं बीटा-कॅरोटीन गोळीने दिलं, सगळ्यांना वाटलं होतं फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होईल, १९९४ ला निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त. प्लेटवर थांबले असते तर ही गोळी आज सरकारी दवाखान्यात वाटली गेली असती.

तर माझी मागणी एवढीच की मथळ्याखाली पहिल्याच ओळीत लिहा, प्रयोग पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, आणि माणसांवर असेल तर किती. तुमच्या बातमीदाराला एक फोन जास्त करावा लागेल. ‘उंदरांमध्ये’ हा शब्द मथळ्यात बसतो, मी मोजून पाहिलंय.

आणि त्याच पानावर कधीतरी सुपारीबद्दल पण छापा. ती पण नैसर्गिकच आहे. तंबाखू नसली तरी नुसती सुपारी कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच छापलंय, इथे प्लेट-उंदराचा वाद नाही, माणसांतच दिसलंय. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर पुड्या मिळतात, तिथली विशीतली पोरं माझ्याकडे माउथवॉश मागायला येतात तेव्हा तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. त्यांना मी काय देऊ ते तुमच्या डॉक्टर लेखकांना विचारून छापा, ते कात्रण मी काउंटरच्या काचेवर चिकटवतो.

आपला,
एक मेडिकलवाला, पंचवटी, नाशिक