विजयदुर्ग पाण्यावरूनही पाहू द्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि आमच्या बडोद्यात गडसहलींना उधाण आलं. दांडिया बाजारात हिंडताना मंडळांच्या फळ्यांवर नजर टाकली तरी कळतं. सुट्ट्यांच्या तारखा, बसचं भाडं, 'चहा-नाश्त्यासह'. घरात मराठी आणि बाहेर गुजराती बोलत मोठी होणारी आमची मुलं या निमित्ताने कोकणात जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही या सहलींबद्दल एक गोष्ट मांडायची आहे आणि ती विजयदुर्गापुरतीच आहे.

या 12 किल्ल्यांत समुद्राचे चार आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. त्यातले तीन बेटांवर, म्हणजे तिथे होडीशिवाय पाऊलच ठेवता येत नाही. विजयदुर्गाला मात्र गाडी थेट गावात जाते. त्यामुळे माणसं जमिनीच्या बाजूने आत शिरतात, तटावर फोटो काढतात, जेवायला परततात. जो किल्ला समुद्राकडे तोंड करून बांधला, तो आपण पाठीमागून बघून येतो.

मी इथल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. मराठ्यांच्या आरमाराचा विषय निघाला की फळ्यावर वाघोटन खाडीचं मुख काढायचे आणि बाजूला विजयदुर्गाचा ठिपका द्यायचे. बसने विजयदुर्ग पूर्वी पाहिला होता. गेल्या हिवाळ्यात माझी भाची आणि तिच्या मित्रमंडळींनी मला त्यांच्या शिडाच्या यॉटवर घेतलं. नौका 31 फुटी, तळ पाण्याखाली साधारण दीड मीटर. मी रेल्वेने रत्नागिरीला गेले आणि भगवती बंदरातून आम्ही निघालो. तिथून विजयदुर्ग सुमारे 26 सागरी मैल, म्हणजे बेताच्या वाऱ्यात दिवसभराचं काम.

पहाटे जमिनीवरून मतलई वाहत होती. ऊन चढलं तशी ती पडली आणि शिडं लोंबायला लागली. दुपारी वायव्येचा खारा वारा धरला तेव्हा नौका कलून पळायला लागली. पूर्णगडाची मुचकुंदी मागे गेली, मग जैतापूरची खाडी. याच खाडीने एके काळी राजापूरच्या वखारींचा माल वर-खाली होत असे. कोकणच्या नद्या किती जवळजवळ समुद्राला मिळतात हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. डोळ्यांना ते त्या दुपारी दिसलं.

विजयदुर्ग लांबून ओळखू येत नाही. डोंगराचं एक नाक समुद्रात शिरलेलं दिसतं, तांबूस-काळसर, त्यावर थोडी झाडी. अगदी जवळ गेल्यावर त्या नाकाला कोपरे फुटतात, बुरुज वेगळे होतात आणि एकामागे एक अशा तीन तटांच्या ओळी उकलतात. खाडीत शिरायला नौका डावीकडे वळवावी लागते आणि वळताना किल्ला उजव्या हाताला इतका जवळ येतो की तटावरच्या माणसांचं बोलणं ऐकू येतं. आत येणाऱ्या प्रत्येक जहाजाला तोफांच्या माऱ्याखालूनच जावं लागत असणार. तटाला वळसा घालून आम्ही आतल्या अंगाला आलो आणि लाट थांबली. वारा तोच, वेळ तीच, पाणी मात्र तळ्यासारखं. बाहेरचा समुद्र किल्ल्याने अडवला होता. विजयदुर्गाच्या मुखाशी वाळूचा बांध नाही, पावसाळ्यातही मोठं जहाज आत येऊन आसरा घेऊ शकतं, असं इंग्रजांच्या गॅझेटियरात नोंदलेलं आहे. आंग्र्यांनी हीच जागा का धरली, हे उतरण्याआधीच उमगतं.

फेब्रुवारी 1756 मधली लढाईही तिथेच कळते. इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं आरमार दोन रांगांनी खाडीत शिरलं, किल्ल्याच्या उत्तर अंगाला नांगरलं आणि तुळाजी आंग्र्यांच्या जहाजांना आग लागून ती एकमेकांपासून पेटत गेली. पेशव्यांनी इंग्रजांच्या साथीने आपलंच आरमार बुडवलं, हे दुःख आपण वाचत आलो आहोत. पण नांगरावर उभं राहून पाहिलं की त्या जहाजांची कोंडी दिसते: पुढे तट, मागे अरुंद होत जाणारी खाडी, तोंडाशी शत्रू आणि दुपारचा वारा समुद्राकडून आत. मला तिथे फार वाईट वाटलं. तटावरून पाहताना असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भरती साधून छोट्या होडीने खाडीत वर गेलो. गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला खडक फोडून केलेली आरमारी गोदी आहे. तिकडे सहलीची बस सहसा जात नाही.

आता अडचणीचं. किल्ल्यासमोर नांगर टाकायला जागा भरपूर आहे, पण पाहुण्या नौकेने कुठे थांबावं याची एकही खूण नाही. मासेमारीच्या होड्यांच्या मधून, जाळ्यांचे बोये चुकवत जागा शोधावी लागते. धक्का मोठ्या बोटींच्या मापाने बांधलेला, कडेला टायर लोंबणारे. ओहोटीला छोट्या होडीतून वर पाहिलं तर कठडा डोक्याच्याही वर होता आणि पायऱ्या शेवाळलेल्या. शेजारच्या ट्रॉलरवरच्या एका वयस्क खलाशाने आधी दोर टाकला, मग हात दिला आणि माझ्या वयाचा मान राखून मला अक्षरशः वर ओढून घेतलं. त्यांचे उपकार मानावेत तितके थोडे. पण जागतिक वारशाच्या बंदरात उतरणं कुणा भल्या माणसाच्या हातावर अवलंबून असू नये. नोंद कुठे करायची, पिण्याचं पाणी कुठे भरायचं, याचाही फलक कुठे दिसला नाही.

मुंबई-विजयदुर्ग रो-रो बोटीची (माणसांबरोबर गाड्याही नेणाऱ्या) घोषणा 2025 मध्ये झाली. तिच्यासाठी मोठा धक्का हवाच. पण तशी अवाढव्य बोट आणि 30 फुटी नौका एकाच कठड्याला लागू शकत नाहीत. लहान नौकांसाठी मागणं फार थोडं आहे: किल्ल्याच्या आडोशाला पाच-सहा पक्के नांगर-बोये (नौका बांधायचे तरंगते गोळे), भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होणारा छोटा तरंगता धक्का, एक शिडी, एक नळ. पंचतारांकित मरिना कुणी मागत नाही आणि कृपा करून ती होऊही देऊ नये. हे मच्छीमारांचं चालतं बंदर आहे. त्यांची जागा काढून पर्यटन उभं केलं, तर ज्यामुळे हे बंदर जिवंत आहे तेच जाईल. बोये कुठे टाकायचे हे त्यांनाच विचारावं आणि देखभालीचे पैसेही त्यांच्याच सोसायटीला मिळावेत.

यॉट सगळ्यांना मिळणार नाही, हे उघड आहे. म्हणून आमच्या मंडळांना दुसरी विनंती: बसनेच जा, पण दुपारी स्थानिक होडीवाल्याला ठरवून मुलांना खाडीच्या मुखापर्यंत न्या आणि किल्ल्याला बाहेरून वळसा घालून आत आणा. तासाभराचं काम आहे. आमच्या गायकवाडी राज्यालाही समुद्र होता. बिलिमोरा होतं, ओखा होतं, आणि ओख्याचं बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीतलं. बडोद्याच्या मुलांना समुद्र परका नाही, फक्त त्यांना तो कुणी दाखवलेला नाही.

जानेवारी-फेब्रुवारीच्या सहली आखणाऱ्यांनी तारीख ठरवण्यापूर्वी भरतीचं कोष्टक पाहावं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटीला पाणी फार खाली जातं आणि त्या धक्क्यावरून लहान मुलांना होडीत चढवणं अवघड होतं. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, पाणी फारसं हलत नाही. जीवरक्षक जाकिटं मुलांच्या मापाची आहेत ना, हेही आधी फोन करून विचारावं.

आपली,
निवृत्त भूगोल शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदा