रविवारची चित्रसकाळ: मेहरूण तलाव, जळगाव

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मेहरूण तलावाकाठी जमू. उशीर नको. नऊनंतर आपलं ऊन ब्रश फिरवायच्या आत वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, सुकवतं. मागच्या खेपेला माझं अख्खं आभाळ पट्ट्यापट्ट्यांचं झालं. म्हणून ३०० जीएसएमचा (जाड) कागद आणा नि दोन्ही बाजूंनी ओला करून घ्या. सोबत सुती फडकं.

विषय घरूनच आणायचा, कुंडीतला नाहीतर परसातला. मी भरताचं वांगं आणतेय, फिकट हिरवं, पांढुरक्या रेघांचं. त्या हिरव्यात पिवळा किती, यातच तास जाईल; जाऊ द्या. दोन तासांत एकच चित्र. 'फोटो काढून घरी रंगवू' म्हणणाऱ्यांनी निवांत झोपावं.

शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी किती थापायच्या ते ठरवायचंय.