‘मालेना’च्या शेवटाविषयी मित्रास पत्र

नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

‘मालेना’चा शेवट तुला दिलासा देणारा वाटला, गावाने अखेर तिला पदरात घेतले, असे तू लिहिले आहेस, तेथेच माझे तुझ्याशी पटत नाही.

ज्युसेप्पे तोर्नातोरे यांच्या 2000 सालच्या या चित्रपटातले सिसिलीमधील गाव आपल्याला 1940च्या जूनमध्ये, मुसोलिनीने युद्ध पुकारले त्या दिवशी, प्रथम भेटते. पुढे मालेना या देखण्या तरुणीचा नवरा आघाडीवर मेल्याची बातमी येते, एका निनावी पत्राने तिच्या शिक्षक वडिलांचे मन कलुषित होते आणि पोटासाठी तिला कोणता मार्ग धरावा लागतो तेही गावच ठरवते. जर्मन सैनिक गेल्यावर त्याच गावातल्या बायका तिला भर चौकात मारून तिचे केस कापतात, आणि पुरुष (ज्यांतले काही कालपर्यंत तिच्या मागे होते) पाहत उभे राहतात.

केस कापण्याचे ते दृश्य आपल्याला परके वाटूच नये. विधवांचे केशवपन आपल्याच घरांतून, धर्माच्या नावाने होत असे. पण 1890 साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी त्या कामाला वस्तरा लावण्याचे नाकारले होते. मालेनाच्या गावात असे नाकारणारे कोणी नाही. तिला सतत चोरून पाहणारा, खरे काय ते जाणणारा शाळकरी मुलगा रेनातोसुद्धा गर्दीत गप्प राहतो. मृत्यूची बातमी खोटी ठरवून, एक हात गमावून परतलेल्या तिच्या नवऱ्याला तो सत्य कळवतो खरे, पण पत्राने.

दिग्दर्शकालाही मी पूर्ण मोकळे सोडत नाही. मालेनाच्या तोंडी संवाद जवळजवळ नाहीत आणि कॅमेरा त्या मुलाच्या चोरट्या नजरेला चिकटून राहतो, त्यामुळे आपणही डोकावणाऱ्यांतच जमा होतो. यात हेतू किती आणि हौस किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता शेवटचे ते बाजारातले दृश्य. ती नवऱ्याच्या हातात हात घालून गावात परतते आणि पुढे बाजारात येते, तेव्हा बायकांना दिसते की ती अंगाने थोडी सुटली आहे, डोळ्यांपाशी सुरकुत्या आल्या आहेत, म्हणजे आता तिची भीती उरलेली नाही. मग त्या ‘शुभ प्रभात’ म्हणतात आणि माल पुढे करतात. क्षमा कोणी मागत नाही, तरी मारणाऱ्यांची सुटका मात्र तिच्या प्रतिनमस्काराने होऊन जाते. तुला दिलासा नेमका कोणाच्या वतीने वाटला, ते सविस्तर लिही.

तुझा,
जुना मित्र