इंजिन बदलताना गिअरबॉक्सचे मापही घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उसाचा गळीत हंगाम तोंडावर आला, की कराडपासून सांगली-मिरजेपर्यंतच्या गॅरेजांत जुन्या ट्रकची इंजिने खाली उतरतात. क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) गेलेला असतो, नवी गाडी परवडत नाही, म्हणून मालक दुसऱ्या मॉडेलचे वापरलेले पण चालू इंजिन घेऊन येतो. त्यात गैर काही नाही. मीही तेच केले. मात्र इंजिन घेताना आपण आवाज, धूर आणि ऑइलचे प्रेशर पाहतो आणि ते ज्या गिअरबॉक्सला जोडायचे आहे त्याची आठवण पैसे देऊन झाल्यावर होते. याविषयी ट्रकमालकांना आणि मिस्त्रींना कळकळीने सांगावेसे वाटते.

माझ्या जुन्या टाटा गाडीत टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसलेले 697 इंजिन होते. त्याच्या जागी मी कमिन्सचे 5.9 लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन घेतले. गिअरबॉक्स जुनाच ठेवला आणि दोहोंची भोके जुळत नसल्याने मध्ये बसवायला लेथवर एक प्लेट करून घेतली. दोन महिन्यांनी नागठाणे ते उंब्रज या सपाट रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की टॉप गिअर आपोआप निसटू लागला. ड्रायव्हरने लिव्हर ट्यूबच्या पट्टीने सीटला बांधून तशाच अवस्थेत साखरेची पोती कुंभार्ली घाटातून चिपळूणला पोहोचवली. ती पट्टी पाहिली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. गिअरबॉक्स उतरवला, तर त्याच्या शाफ्टचे पुढचे टोक क्रँकच्या मध्यात धरणाऱ्या पायलट बेअरिंगच्या गोळ्यांचा चुरा झालेला होता आणि क्लच प्लेटचे मधले दाते एकाच अंगाने घासून चकाकत होते.

कारण साधे होते. टॉप गिअरमध्ये क्लचकडून गिअरबॉक्सात येणारा क्लच शाफ्ट आणि मागे चाकांकडे ताकद नेणारा मेन शाफ्ट थेट एकमेकांत अडकतात, त्यामुळे क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत नसेल तर प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट वाकडा ओढला जातो आणि गिअर बाहेर ढकलला जातो. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या मागचे जड चाक, ज्या कवचात असते त्या फ्लायव्हील हाउसिंगच्या आतल्या कडेचा एका फेऱ्यातला फरक साधारण 0.20 मिलिमीटरच्या आत असावा लागतो. माझ्या गाडीत तो 0.70 निघाला. प्लेटची भोके बोल्टपेक्षा ढिली होती आणि जागा धरून ठेवणाऱ्या डॉवेल पिना बसवल्याच नव्हत्या. बोल्ट फक्त आवळून धरतो, मध्य साधायचे काम पिनांचे असते, हे मला त्या दिवशी समजले. प्लेटच्या जाडीचाही हिशेब ठेवावा लागतो. तेवढा गिअरबॉक्स मागे सरकला, तर क्लच शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगपर्यंत नीट पोहोचत नाही आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबीही चुकते. उलट शाफ्ट लांब पडला तर तो क्रँकला रेटतो आणि क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट बेअरिंग खाऊन टाकतो.

हे झाले जोडणीचे. ताकदीची जुळणी हा त्याहून दुर्लक्षित विषय आहे. टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवरच जास्त टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवण्याचा जोर, देते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर 7 असेल, तर तो टॉर्क सातपट होऊन पुढे जातो. मूळच्या हलक्या इंजिनासाठी बांधलेल्या गिअरबॉक्सचे दात आणि बेअरिंग हा भार रिकाम्या गाडीत सोसतात, पण ऊस भरून शेतातून वर काढताना सोसत नाहीत. मागच्या ॲक्सलमधली दातांची जोडी, म्हणजे क्राऊन-पिनियनही तपासावे. समजा, जुने इंजिन 2800 फेऱ्यांपर्यंत जात होते आणि नवे 2500 वरच थांबते. पिनियनला 6 आणि क्राऊनला 41 दात, म्हणजे 6.83 गुणोत्तर तसेच ठेवले, तर गाडीचा कमाल वेग सुमारे 11 टक्क्यांनी उतरतो आणि ड्रायव्हर दिवसभर इंजिन शेवटच्या टोकाला दाबून चालवतो. तिथे 6 ला 37 दातांचे क्राऊन-पिनियन बसवले, तर गुणोत्तर 6.17 होऊन वेग जवळजवळ पूर्ववत होतो. मी हे बदलले आणि गाडीची धाप कमी झाली.

इंजिन बदलले की त्याची परिवहन कार्यालयात रीतसर नोंद करून आरसीवर नवा इंजिन क्रमांक चढवून घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. अनेक जण हे टाळतात आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडकतात. म्हणून जुने इंजिन विकणाऱ्यांनी पावतीवर इंजिन क्रमांकाबरोबरच ते कोणत्या मॉडेलमधून निघाले आणि त्याला किती मापाची क्लच प्लेट होती, हेही लिहून द्यावे. त्यावरून मिस्त्रीला पुढचे सारे ताडता येते.

मध्य तपासायला अर्धा तास पुरतो. डायल गेजचा (मिलिमीटरचा शंभरावा भागही दाखवणाऱ्या घड्याळी मापकाचा) चुंबकी पाया फ्लायव्हीलवर ठेवावा, सुई हाउसिंगच्या आतल्या कडेला टेकवावी आणि क्रँक हाताने एक फेरा फिरवावा. हे साधन महाग नाही, तरीही मी हिंडलेल्या बहुतेक गॅरेजांत ते नव्हते. कराड आणि मिरज येथील ट्रकमालकांच्या संघटनांनी हंगामापूर्वी प्रत्येकी एक डायल गेज घेऊन सभासदांसाठी ठेवावा, अशी माझी त्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला नम्र,
एक ट्रकमालक, कराड (जि. सातारा)