भूतानला निघालास तर

पुणे, १० नोव्हेंबर

प्रिय विन्या,

चार दिवसांत पारो-थिंफू उरकून येतो म्हणालास फोनवर, तेव्हापासून चडफडतोय. रजा वाढव आणि फोबजिखाला जा. का ते सांगतो, पण आधी पोटाचं.

तिकडे मिरची ही भाजी आहे. एमा दात्शी म्हणजे उभ्या चिरलेल्या मिरच्या आणि चीज, बास. मी घरून ठेच्याची बाटली नेली होती, मोठ्या मिजाशीत ती घरमालकीणबाईंपुढे ठेवली. त्यांनी बोटावर घेऊन चाखला, हसल्या आणि आतून स्वतःचा एझे आणला. तोही ठेचाच म्हण ना! माझ्या नाकातून पाणी वाहायला लागलं तशी बाईंनी न विचारता लाल भाताचा आणखी एक डाव वाढला. मऊ, किंचित चिकट भात, त्यानेच वाचवलं. वहिनींसाठी केवा दात्शी सांग, त्यात बटाटे असतात. सुजा हा लोणी-मिठाचा चहा. चहा समजून प्यायलास तर फसशील, कढण समजून पी. डोमा दिसतो आपल्या पानासारखा, पण सुपारी ओली आणि उग्र. मिनिटभरात कान तापतात.

ताक्त्सांगचा मठ तू बघशीलच, सगळेच बघतात. ३,१०० मीटरच्या वर आहे, तेव्हा पहाटे निघ. पुनाखाला फोछू-मोछूच्या संगमावर सतराव्या शतकातला झोंग, म्हणजे किल्लेवजा मठ, आहे, तिथे मात्र घाई नको.

आता फोबजिखा. थंडीत तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच या खोऱ्यात उतरतात. ते तारांना धडकू नयेत म्हणून इथली वीज जमिनीखालून नेली आहे. पहाटे दलदलीवर धुकं पसरलेलं, काही दिसत नाही, नुसतं ओरडणं ऐकू येतं. मग एकेक मान वर येते. बोटं बधिर झाली तरी मी हललो नाही.

आणि गिर्यारोहकमहाराज, ७,५७० मीटरच्या गांगखर पुएन्सुमवर अजून कुणी पोचलेलं नाही. २००३ पासून तिथे गिर्यारोहणालाच बंदी आहे. दोर घरी ठेव.

माणशी, दर रात्री १,२०० रुपये सरकारी पर्यटक-शुल्क पडतं; कुरकुरू नकोस. आधार चालत नाही, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट घे. येताना माझ्यासाठी सुक्या मिरच्या आण आणि त्या बाईंना ठेच्याची नवी बाटली दे. पत्ता पाठवतो.

तुझा,
अव्या