तिथी पाहून आखलेल्या सुट्टीबद्दल गुहागरच्या काकूंना जाहीर आभारपत्र

सातारा

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

घरी पोहोचल्यावर फोनवर आभार मानायचा मी प्रयत्न केला, पण "त्यात काय एवढं" असे म्हणून तुम्ही लगेच सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केलीत आणि मनातले बोलणे मनातच राहिले. ते आता सविस्तर लिहिते आहे. पत्र जाहीर ठेवले आहे, कारण सातारा-कऱ्हाडकडून घाट उतरून समुद्राकाठी चार निवांत दिवस काढू पाहणाऱ्या इतर कुटुंबांनाही तुमच्या सांगण्याचा उपयोग व्हावा, असे मला मनापासून वाटते.

तुमची-आमची ओळख नव्हती. नणंदेच्या मैत्रिणीकडून तुमचा नंबर मिळाला आणि केवळ राहायला जागा कोणती बरी, एवढेच विचारायला मी फोन केला होता. जागेविषयी काही सांगण्याआधी तुम्ही विचारलेत, "कोणत्या तिथीला येताय?" सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, त्यांना काठीशिवाय चालता येत नाही आणि समुद्राच्या पाण्यात एकदा पाय भिजवावेत एवढीच त्यांची इच्छा आहे, हे कळल्यावर तुम्ही आमचा बेत पुढे सरकवलात आणि पौर्णिमेची दत्तजयंती घरी करून दुसऱ्या दिवशी निघायला सांगितलेत. त्यामागचे कारणही तुम्ही न कंटाळता समजावून सांगितलेत.

दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, हे शाळेत शिकलेले असते. पण तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब आम्हा घाटावरच्यांच्या कानावर कधी आलेला नसतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वा अकरा, प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड. आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या सुमारास गेले तर ऐन संध्याकाळी सहाला पाणी काठापर्यंत चढलेले असते आणि चालायला उरते ती सुरूच्या बनाखालची कोरडी, पाय रुतणारी वाळू. पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असते, त्यामुळे भरतीला पाणी जितके वर चढते तितकेच ते ओहोटीला दूर हटते, आणि नेमके सूर्यास्ताच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूची रुंद पुळण मोकळी होते. म्हाताऱ्या माणसाच्या काठीला तीच वाळू आधार देते.

त्याप्रमाणेच घडले. प्रतिपदेच्या संध्याकाळी तुम्ही घरची प्लास्टिकची खुर्ची घेऊन स्वतः पुळणीवर आलात. सासूबाई तेवढ्या ओल्या पट्ट्यावरून, कोणाचा हात न धरता, पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेल्या. घोट्यापर्यंत पाणी आले तेव्हा त्यांनी आधी वाकून ते डोळ्यांना लावले आणि मग बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. माझ्या सासऱ्यांनी त्यांना समुद्र दाखवायचे कबूल केले होते आणि ते राहून गेले होते, हे त्यांनी त्या रात्री मला प्रथमच सांगितले. काकू, या एका संध्याकाळीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

माझा मुलगा मात्र तेव्हा पाण्याकडे पाठ करून वाळूत बसला होता. ओहोटीनंतर पुळणीवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या असंख्य गोळ्या पसरलेल्या दिसतात, त्या कोण करते हे त्याला तुम्ही दाखवलेत. पाच मिनिटे हालचाल न करता बसायचे, मग बिळातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी ओली वाळू तोंडाशी नेतो, त्यातले खाण्याजोगे काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो; पुन्हा पुढे सरकतो, पुन्हा गोळी. बिळापासून चहूकडे गेलेल्या त्या रांगा पुढच्या भरतीला पुसल्या जातात आणि ओहोटीला पुन्हा नव्याने उमटतात. सुट्टीत मुलांना गुंतवण्यासाठी पाण्यावरचे महागडे खेळच हवेत, असे मला आता वाटत नाही.

तुम्ही घातलेले निर्बंधही इथे मुद्दाम लिहिते, कारण ते प्रत्येक पाहुण्याने पाळण्याजोगे आहेत. ओहोटी लागल्यावर पाणी आत ओढते, म्हणून तेव्हा पोहायला उतरायचे नाही. मुलांना पाण्यात खेळायचेच असेल तर गुडघ्याच्या वर जायचे नाही आणि कोणीतरी मोठ्या माणसाने काठावर नुसते लक्ष ठेवून उभे राहायचे. दुसरे म्हणजे, पुळण कितीही टणक दिसली तरी गाडी वाळूत घालायची नाही. चाक रुतले आणि भरती लागली की धावाधाव कोणाची होते, हे तुम्ही ज्या कळकळीने सांगितलेत, ते आमच्या यांच्या चांगलेच लक्षात राहिले.

दिवसाला एकच ठिकाण, हा तुमचा आग्रह होता. द्वितीयेला तुम्ही आम्हाला हेदवीला पाठवलेत ते बामणघळीसाठी, आणि तेही भरतीची वेळ साधून. समुद्राकाठच्या उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक लांब, अरुंद चीर आहे. भरतीची लाट तिच्यात शिरते, कोंडते आणि शेवटी उसळून तिचा फवारा वर उडतो. ओहोटीला तिथे गेलेला माणूस नुसता खडक बघून परत येतो, हे तुमचे म्हणणे आम्हाला तिथे उभे राहिल्यावर पटले. सासूबाई गाडीतच थांबल्या, त्यांना परतताना दशभुजा लक्ष्मीगणेशाचे दर्शन घडवले. वाटेवरच्या वेळणेश्वराला आम्ही फक्त हात जोडले.

बाकी वेळ गुहागरातच गेला आणि तोच मला सर्वांत अधिक आवडला. सकाळी व्याडेश्वराच्या देवळात जाऊन बसायचे. मधले शंकराचे मोठे देऊळ आणि चार कोपऱ्यांतली चार लहान देवळे यांच्यामधल्या आवारात वर्दळ सुरू होण्याआधी फार शांत वाटते. नंतर खालचा पाट या वस्तीपासून वरचा पाट या वस्तीतल्या दुर्गादेवीपर्यंत नारळी-पोफळीच्या आगरांमधल्या रस्त्याने रमतगमत चालायचे. अंगणाअंगणात वाळत घातलेली सुपारी, जांभ्या दगडाच्या बुटक्या भिंती म्हणजे गडगे, आगरात शिंपणे चालू असताना येणारा ओल्या मातीचा वास. पाहण्याची ठिकाणे म्हणून यांची नोंद कोणी करत नाही, पण सुट्टी म्हणतात ती मला तिथेच मिळाली.

त्यात तुमचे स्वयंपाकघर. तुमची घावने मला अजून जमलेली नाहीत. तांदळाच्या पिठाचे पाणीदार मिश्रण प्रत्येक वेळी तळापासून ढवळून घ्यायचे, तापलेल्या बिडाच्या तव्यावर कडेकडून आत ओतत यायचे, चर्र आवाज झाला आणि जाळी पडली तरच तवा बरोबर तापला असे समजायचे, झाकण घालून वाफ आणायची आणि उलटायला घाई करायची नाही. हे सगळे तुम्ही माझ्या हातात उलथने देऊन शिकवलेत. ओल्या नारळाची चटणी आणि दुपारच्या जेवणात आमसुलाची सोलकढी असताना सासूबाईंनी भाकरीची आठवणही काढली नाही, ही आमच्या घरात मोठीच गोष्ट आहे.

शेवटच्या दिवशी तुम्ही धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाऊन यायला सांगितलेत. गाड्या, दुचाकी, शाळेची मुले, भाजीच्या टोपल्या असे सगळे एकाच बोटीतून खाडी ओलांडते. तिथे आमच्या यांनी मुलाला सांगितले की हे वाशिष्ठीचे मुख, आणि या पाण्यात आपल्या कोयनेचेही पाणी आहे. पाटण तालुक्यात अडवलेले ते पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळी गावाकडे उतरते, वीज देते आणि वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून दाभोळला समुद्राला भेटते. एरवी कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि पूर्वेच्या समुद्राकडे जाते, एवढेच त्याला ठाऊक होते. परत येताना कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला आल्यावर त्याने स्वतःहून गाडी थांबवायला लावली आणि धरणाच्या दिशेने बराच वेळ पाहत राहिला.

काकू, तुम्ही निवृत्त शिक्षिका आहात. पाहुण्यांची सोय करणे हा तुमचा व्यवसाय नाही. तरीही अनोळखी घरातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या पायांचा विचार करून तुम्ही पंचांग उघडलेत, वेळा कागदावर मांडून दिल्यात आणि खुर्ची आणि आगरातली शहाळी घेऊन स्वतः आलात. पैशाचा विषय मी काढला तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर उमटलेली नाराजी पाहून तो पुन्हा काढला नाही. त्या वेळांचा कागद मी शेजारच्या दोन कुटुंबांना उतरवून दिला आहे, याला तुमची हरकत नसेल असे धरून चालते.

आता तुम्ही साताऱ्याला यायचे आहे. कासचे पठार साधारण सप्टेंबरात फुलते. सुट्टीच्या दिवशी फार गर्दी असते, म्हणून आठवड्याच्या मधले दिवस धरा. सज्जनगडाला सासूबाई पायथ्याशी थांबतील, वर मी तुमच्यासोबत येईन. तारीख तुमच्या सोयीची कळवा, चिपळूणहून गाडीत बसल्यावर एक फोन करा, आम्ही स्टँडवर घ्यायला येतो.

सर्वांना यथायोग्य नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली कृतज्ञ,
साताऱ्याची पाहुणी